एकदा ऐकलं की पाठ

सकाळ.

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात रात्रभर बर्फ पडला होता. बाहेर श्रीरंग देवधर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. आत विनीता डब्यासाठी पोळ्या लाटत होती आणि लाटता लाटता तिसरीच्या इंग्रजी पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचत होती. पुस्तक कणकेच्या डब्याला टेकवलेलं. समोर आठ वर्षांची सीमा सिरियल खात ऐकत होती. धडा संपला की ती तो जसाच्या तसा म्हणून दाखवी, आई जिथे श्वास घेई तिथे श्वास घेऊन.

विनीताला यात काही वावगं वाटत नव्हतं. साताऱ्याला तिच्या माहेरी अभ्यास असाच व्हायचा. ज्याचं पाठांतर चोख, ते मूल हुशार. हिला तर एकदा ऐकलं की पाठ.

"आई, हत्तीचा धडा ज्या पानावर आहे तिथे चित्र आहे ना?"

"आहे की. मोठं आहे."

"मग ठीक."

त्या 'मग ठीक'कडे घरात कुणाचंच लक्ष गेलं नाही.

शाळा.

सीमाची वर्गशिक्षिका मिसेस कोवाल्स्की वाईट बाई नव्हती. मधल्या सुट्टीत स्वतःचं सँडविच बाजूला ठेवून ती सीमाला घेऊन बसायची. पहिली-दुसरीच्या शिक्षिकांनी ही मुलगी सुंदर वाचते असं सांगितलं होतं. तिसरीत पुस्तकं जाड झाली, चित्रं कमी झाली, आणि सुंदर वाचणारी मुलगी कोरं पान पाहिल्यासारखी बसू लागली. कधी पोट दुखायचं तिचं, कधी डोळे.

जानेवारीत बाईनं आईवडिलांना बोलावून घेतलं. तिच्या मते मुलीच्या डोक्यात दोन भाषा एकमेकींच्या पायात येत होत्या. घरात फक्त इंग्रजी बोलावं. वसंतापर्यंत फरक पडला नाही तर तिसरी पुन्हा करावी लागेल. तुमची संमती असेल तर शाळेचे मानसतज्ज्ञ तिची तपासणी करू शकतील, असंही ती म्हणाली.

फक्त इंग्रजीचं श्रीरंगला पटलं. तपासणीचं त्यानं परतीच्या वाटेवर गाडीतच निकालात काढलं.

"टेस्ट केली की लेबल लागलं. मग छोट्या बसमधून पाठवतील तिला." स्पेशल एज्युकेशनच्या मुलांसाठी त्या भागात एक आखूड पिवळी बस फिरायची. ती कुणाच्या दारात थांबते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक असायचं. "आपल्यात असं कुणी नाही, विनीता. माझ्याकडे नाही, तुझ्याकडे नाही."

विनीताला तिचा मोहनदादा आठवला. सातवीत शाळा सुटलेला. पाठीवर छडीचे वळ.

घरात मराठी बंद.

म्हणजे काय काय बंद?

'आई' बंद, 'मॉम' सुरू. 'चल गं माझी बाय ती' बंद. भातावर तूप घेताना 'अजून, अजून, बास' बंद. सकाळचा धडाही बंद, कारण मुलीनं आता स्वतः वाचायचं होतं. विनीताचं इंग्रजी दुकानात पुरायचं, बँकेत पुरायचं. ताप आलेल्या मुलीच्या कपाळावर हात ठेवल्यावर पुरायचं नाही. तेव्हा ती नुसताच हात ठेवायची.

स्वयंपाकघरात वाडग्यावर चमचा वाजायचा, तेवढाच आवाज.

वाचन? होतं तिथेच.

शनिवार.

गावातल्याच डॉक्टर श्रीराम काकांकडे चार मराठी घरं जेवायला जमली होती. जेवणं झाली की पोरांना फायरप्लेससमोर उभं करायचं, ही त्या घरांची रीत. कुणी व्हायोलिन वाजवायचं, कुणी राज्यांच्या राजधान्या म्हणायच्या. आईबाप सोफ्यावर बसून टाळ्या वाजवायचे, आणि आपल्या मुलाचं झालं की दुसऱ्याचं तोलायचे. सीमा आजवर श्लोकांची राणी होती.

"आज श्लोक नकोत गं बाई," काका म्हणाले. ते मोठे प्रेमळ होते. "तुझे बाबा म्हणतात, आता ओन्ली इंग्लिश. आमचा नवा एन्सायक्लोपीडिया आलाय. त्यातलं तुला आवडेल ते वाचून दाखव."

सीमानं ग्रंथ उघडला. पानं उलटत राहिली. एका पानावर हत्तीचं चित्र दिसलं आणि तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. ती खणखणीत आवाजात सुरू झाली.

तिसरीच्या पुस्तकातला हत्तीचा धडा.

काकांचा मोठा मुलगा गिरीश तिच्या खांद्यावरून डोकावला. "दॅट्स नॉट व्हॉट इट सेज," तो म्हणाला. पोरं हसली. सीमा थांबली नाही. कान लाल झालेले, नजर पानावर, आणि आई जिथे श्वास घेई तिथे श्वास घेत तिनं तो धडा शेवटच्या शब्दापर्यंत म्हटला. मग ग्रंथ मिटून काकांच्या हातात दिला.

कुणीतरी एक टाळी वाजवली आणि थांबलं.

"आळस आहे नुसता," श्रीरंग हसत म्हणाला. "टीव्ही कट करायला हवा."

"होतं यार," काका म्हणाले. "चला, श्रीखंड कोण घेणार?"

"तिला वाचता येत नाही," विनीता म्हणाली.

श्रीखंडाचा डाव हवेतच राहिला.

"तो आळस नाही. एकदा ऐकलेलं तिला पाठ होतं आणि दहादा पाहिलेलं कळत नाही. माझा भाऊ असाच होता. त्याला मारून मारून शाळेतून घालवला. आपल्यात असं कुणी नाही म्हणता ना? आहे. होतं."

"विनीता, आपण घरी बोलू."

"घरी बोलायला भाषा कुठे शिल्लक ठेवलीत?"

सोमवार.

विनीता एकटीच शाळेत गेली. मोडक्या इंग्रजीत तिनं बाईला एकच गोष्ट मागितली. हिनं कधी न ऐकलेलं एक पान तुम्ही वाचा, आणि मग हिला विचारा.

मिसेस कोवाल्स्कीनं दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट वाचली. सीमानं ती सगळी सांगितली. शिवाय विचारलं की दिवा विझल्यावर तो होडीनं निघून का नाही गेला, त्याला घरी कुणी नव्हतं का. असा प्रश्न वर्गातल्या कुणीही विचारला नव्हता, हे बाई जाणून होती. मग तिनं तेच पान सीमापुढे सरकवलं. सीमानं पोटावर हात ठेवला.

बाईनं पुस्तक मिटलं. नंतर ती जे म्हणाली त्यात सबब नव्हती. आपण आजवर सगळ्या मुलांना डोळ्यांच्याच वाटेनं शिकवत आलो. ज्यांची वाट वेगळी, त्यांना वाटच नाही असं धरून चाललो. भाषेबद्दल आपण चुकीचं सांगितलं. तुमची मुलगी घरच्या भाषेतच तर ऐकायला शिकली.

विनीतानं तपासणीला तिथेच होकार दिला. अडचणीला नाव मिळालं, डिस्लेक्सिया. छोटी बस आली नाही. रोज थोडा वेळ वेगळ्या खोलीत वाळूच्या ताटात बोटानं अक्षरं गिरवायची, तोंडानं त्यांचा आवाज काढायचा, आणि परीक्षा तोंडी. तिसरी पुन्हा करावी लागणार नव्हती. शिक्षकांच्या खोलीत मिसेस कोवाल्स्कीनं हे सगळं सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, हे लाड आहेत. तिनं त्याला त्याच्याच वर्गातल्या तीन पोटदुखीवाल्या मुलांची नावं विचारली.

कथा इथे संपायला हवी होती.

पुन्हा सकाळ.

बर्फ वितळला होता. विनीता पोळी लाटत म्हणाली, "ऐक हं सीमा, एक होता हत्ती..."

"से इट इन इंग्लिश, मॉम."

"का गं?"

सीमानं वाडग्यात पाहिलं. "आय'ल गेट इट राँग."

गाडीची किल्ली घ्यायला आलेला श्रीरंग दारात थबकला. ज्या भाषेत ती कधी चुकली नव्हती, तिचीच तिला आता भीती बसली होती. हे कुठल्या तपासणीत आलं नव्हतं, आणि कुठल्या वाळूच्या ताटात ते गिरवून घेता येणार होतं?

वाचकहो, या शनिवारी तुमच्याकडेही जेवणं आटोपतील आणि एखादं मूल सगळ्यांसमोर उभं केलं जाईल. त्याचं पोट दुखतंय का, एवढं आधी बघा.

विनीतानं इंग्रजीत सांगितलं नाही. पोळी तव्यावर टाकली आणि हत्ती मराठीतच पुढे चालवला, सावकाश, उत्तर न मागता. श्रीरंग किल्ली हातात घेऊन तसाच खुर्चीवर बसला. चमचा वाडग्यावर वाजत होता. हत्ती नदीवर पोचला तेव्हा तो वाजायचा थांबला.

सीमानं ते परत म्हणून दाखवलं नाही. विनीतानं म्हणायला सांगितलंही नाही.