भरतीला मरणारा लॅपटॉप

रुचिकाचा लॅपटॉप झोपायचा आणि उठायचाच नाही. सकाळी घरांचे नकाशे काढायचे, फायली उघड्याच ठेवून झाकण मिटायचं आणि दहा ते एक गावच्या बालवाडीत शिकवायला जायचं, ही तिची पद्धत. पद्धत आळशी, हे तिलाही ठाऊक होतं. पण लागोपाठ तीन दिवस परतून झाकण उघडावं, तर लॅपटॉप कोऱ्या पाटीसारखा नव्याने सुरू व्हायचा आणि सकाळचं काम मातीत. पनवेलच्या ऑफिसातले ओंकार सर म्हणाले, "अजून एकदा असं झालं, तर सोमवारपासून इथे येऊन बसा." नवरा निकेत ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. ती पनवेलला गेली तर सासरे, दयारामबाबा, घरात एकटे.

बुधवारी दुपारी तिने लॅपटॉपकडूनच त्याच्या झोपेचा अहवाल काढला. झोप पावणेदहाला लागलेली, तेवढं बरोबर. पण पुढे चार्जरची वीज तुटलेली आणि थकलेली बॅटरी दहा मिनिटांत गारद. सोमवारी साडेदहा, मंगळवारी अकरा वीस, आज बारा दहा. रोज पन्नास मिनिटं पुढे.

एखाद्या इंजिनिअरने डोकं खाजवलं असतं. रुचिका मिठागरवाल्यांची पोर. तिने ओळखलं, ही रोज तेवढीच पुढे सरकणारी खाडीची भरती.

उधाणाच्या दिवसांत बाबा ऐन भरतीला खाडीचं पाणी अडवणारा खारबांध बघायला जायचे, कुठे भगदाड तर पडलं नाही ना. आणि त्यांची बायको सखुबाई विजेच्या ओल्या बोर्डाला हात लागून गेली, तेव्हापासून रिकाम्या घराचा मेन स्विच ते कधी चालू ठेवत नसत. परतले की पुन्हा वर करायचे.

हे त्यांना सांगायचं कुठल्या तोंडाने? रुचिकाने लॅपटॉपचीच सवय बदलली. झाकण मिटलं की नुसती डुलकी घ्यायची नाही; उघडं असलेलं सगळं काम आधी डिस्कवर लिहून ठेवायचं आणि मग पुरतं बंद व्हायचं. मग मेन पाडला तरी बिघडत नाही. सरांना तिने फोनवर एवढंच सांगितलं, "झोपेत वीज तुटत होती, सर. केलं नीट." बाबा तिथेच सुपारी कातरत बसले होते.

गुरुवारी एक वाजता ती परतली. खाडी काठोकाठ भरलेली आणि बाबा मात्र ओटीवर, मांडीवर काठी घेऊन, नजर बांधाकडे.

"बाबा, बांधावर न्हाय गेलात?"

"मेन चालू ठेवलाय. मग घर सोडून कसा जाऊ?" ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "माझ्यापायी तुझं काम जात व्हतं, कळलं मला. बांधाचं काय, दुसरं कोनी बघंल. तू हितंच ऱ्हा, पोरी."

या म्हाताऱ्यावर आपला किती जीव आहे, ते तिला आज कळलं. ती आत गेली, मेनचा खटका स्वतःच खाली ओढला आणि बाहेर येऊन पुन्हा चपला घातल्या.

"उठा बाबा," ती म्हणाली. "पानी उतरायच्या आत दोघं जाऊन येऊ."