माझ्यावर बसून कोणी रडलं नाही

मित्रांनो, तुमची माझी ओळख जुनीच आहे. टीव्हीवरच्या मालिकेत गरीब घर दाखवायचं ठरलं, की एक मिणमिणता दिवा आणतात, एक पोचे आलेलं पातेलं आणतात आणि कोपऱ्यात मला ठेवतात. मग एक बाई माझ्यासमोर बसते, पाय हलवते, खोकते आणि रडते. तीच मी, पायानं चालवायची शिलाई मशीन. मालिकेतली नव्हे हं! मी दारव्ह्याची, खरीखुरी आणि आता बरीच जुनी झालेली. टीव्हीत मी कधी गेले नाही, पण टीव्हीमुळे माझ्यावर एकदा भलतीच पाळी आली. तीच गोष्ट तुम्हांला सांगायची आहे.

माझं अंग ओतीव लोखंडाचं. त्यावर काळा चकचकीत रंग आणि एका कारागिरानं हातानं काढलेली सोनेरी वेलबुट्टी. खाली सागाची फळी, पायडल आणि मोठं चाक. माझी मालकीण रहमतबी, तिचं लग्न झालं, तेव्हा तिच्या वडिलांनी मला तिच्यासोबत पाठवलं. आर्णीहून दारव्ह्याला मी जीपच्या टपावर बसून आले. लग्नाची मंडळी आत कोंबून बसलेली आणि मी वर मजेत वारा खात होते. रस्त्यात खड्डा आला की सगळे ओरडायचे, "अरे, मशीन पकडा!" नवरीला लागलं का, हे त्या दिवशी कोणीच विचारलं नाही, असं रहमतबी अजूनही म्हणते.

तिचा नवरा जहीर बसस्टँडजवळ मोटारसायकली आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. मला तेल घालायचं काम त्यानं आपणहून घेतलं होतं. "मशीन कुरकुरली का समजायचं, तहान लागली तिले," असं तो म्हणायचा. त्यामुळे मी कधी कुरकुरले नाही. रहमतबी शिवायला बसली की गुणगुणायची. तिचा पाय जोरात चालला की गाणंही जोरात, आणि बाही जोडायचं नाजूक काम आलं की गाणं अगदी हळू. तिला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. मला मात्र त्या गुणगुणण्यावरूनच कळायचं, आता कुठलं काम आहे.

आमच्याकडे सगळा गाव कापसावर जगतो. बाजारात मी कधी गेले नाही, पण कापसाचे दिवस कसे चाललेत ते मला कापडावरून कळायचं. बरं वर्ष असलं की दिवाळीआधी कोऱ्या कापडाचे गठ्ठे यायचे आणि त्यांच्या वासानं खोली भरून जायची. मग कापसाला भाव न मिळण्याची वाईट वर्षं आली. कोरं कापड कमी झालं. लोक जुन्या शर्टाची विरलेली कॉलर उलटवून लावायला आणू लागले. मुलींच्या शाळेच्या ड्रेसची दुमड उसवून तो लांब करायचा, मोठ्या भावाची पँट धाकट्याच्या मापाची करायची, अशी कामं येऊ लागली. रहमतबी ती कामं नव्या कपड्याइतक्याच मन लावून करायची. उलटवलेली कॉलर तिनं अशी बसवावी की घालणाऱ्यानं मान ताठ ठेवून चालावं.

आमच्या भिंतीला भिंत लागून भगवानराव आणि इंदुताईंचं घर होतं. त्यांची शेती होती आणि घरात रंगीत टीव्ही होता. त्यांची मुलगी समीक्षा आणि रहमतबीची लेक, आमची कहकशां, एकाच वर्गात, पाचवीत. भारनियमनातून वीज सुटली, तर संध्याकाळी कहकशां त्यांच्याकडे मालिका पाहायला पळायची. भिंत एकच असल्यानं मालिकेचा आवाज मला ऐकू यायचा. काय दिसलं ते कहकशां येऊन सांगायची. अम्मी शिवत असे, कहकशां माझ्या फळीला टेकून सांगत असे आणि अम्मी मध्ये मध्ये "हूं" म्हणत असे.

त्या मालिकेत एक गरीब आई होती. तिच्या साडीला मोठं ठिगळ होतं, पण साडी कडक इस्त्रीची. तीही मशीनवर शिवायची. तिची मशीन भिंतीपलीकडून अशी कर्र कर्र वाजायची की माझा जीव कासावीस व्हायचा. कोणी तरी तेल घाला रे तिला! ती आई सदानकदा खोकत असे. तिची मुलं रिकामी ताटं घेऊन ओळीनं बसत. त्या घरात कोणी भांडत नसे, कोणी कोणाला चिडवत नसे, कोणी हसत नसे. मित्रांनो, मालिकेतले गरीब लोक दिवसभर फक्त गरीबच असतात. त्यांना दुसरं कामच नसतं. आमच्याकडे तर जहीर जेवताना गिऱ्हाइकांच्या नकला करायचा, रहमतबीला भाजीत मीठ कमी पडलं की स्वतःचाच राग यायचा, आणि कहकशांला वेणी घालताना रोज आरडाओरडा व्हायचा.

त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. वर्ष वाईटच होतं, तरी लेकरांच्या अंगावर एखादा तरी नवा कपडा हवा, म्हणून मोहल्ल्यातल्या सगळ्यांनी थोडंथोडं कापड आणलं होतं. माझ्या बाजूला गठ्ठ्यावर गठ्ठा चढला. रमजानचा महिना. रहमतबीचा रोजा. दिवसभर पाणी नाही आणि हाताखाली लहान मुलांच्या कपड्यांचं मऊ, रुई सोडणारं कापड. तिला खोकला लागला. कामाच्या घाईत तिचं गुणगुणणं थांबलं आणि कहकशांशी बोलणंही थांबलं.

नेमक्या त्याच आठवड्यात मालिकेतली आई मेली. शिवता शिवता तिनं मशीनवर डोकं टेकलं, ते पुन्हा उचललंच नाही. भिंतीपलीकडे मोठ्यानं वाजणारं रडकं संगीत आणि इंदुताईंचं नाक ओढणं मी ऐकलं. कहकशां घरी आली, पण त्या दिवशी तिनं गोष्ट सांगितली नाही. ती दाराशी उभी राहून अम्मीची वाकलेली पाठ पाहत राहिली. तेवढ्यात रहमतबी खोकली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रहमतबी शिवलेले कपडे द्यायला बाहेर गेली. कहकशां शाळेतून आली आणि सरळ माझ्यापाशी बसली. माझ्या पोटात एक छोटी लोखंडी डबी असते. तिच्यात खालच्या दोऱ्याची रीळ बसते. ती नसली की टाकाच पडत नाही. कहकशांनं ती डबी हळूच काढली. मग माझ्या अंगावरून हात फिरवत म्हणाली, "तुह्यावर माहा राग नाही. फक्त माह्या अम्मीले सोड."

मला बोलता येत असतं तर! पण मी लोखंडाची. डबी कंपासपेटीत गेली आणि मी मुकी झाले.

रहमतबी परत आली आणि डबी दिसेना. तिनं फळीखाली पाहिलं, गठ्ठे झटकले, केर चाळला. "आता तं होती, कुठं गेली?" असं म्हणत ती घरभर फिरली. जहीर गॅरेजातून आला. त्यानं ओळखीच्या शिंप्याची डबी आणून बसवून पाहिली, पण ती माझ्या मापाची नव्हती.

"उद्या पयल्या जीपनं यवतमायले जातो अन् नवी आणतो," तो म्हणाला. "तू आता आराम कर."

"आराम कसा करू?" रहमतबी म्हणाली. "समीक्षाचा घागरा उद्या द्याचा हाय. लेकरू सणाच्या दिवशी जुनं घालून फिरन, अन् मी आराम करू?"

मग तिनं काय केलं ठाऊक आहे? सुई-दोरा घेतला, खिडकीपाशी जमिनीवर बसली आणि तो घेरदार घागरा हातानं शिवायला लागली. माझ्यावर जे काम बसल्या बसल्या झालं असतं, त्यासाठी ती दुमडून बसली. मान खाली, डोळे कापडाला चिकटलेले, आणि कापड तोंडाशी आल्यामुळे खोकल्यावर खोकला. कहकशां समोरच बसून पाहत होती. अम्मीला सोडवायला म्हणून तिनं डबी लपवली होती, आणि अम्मी तर आणखीच अडकली होती.

तिला ते सोसवलं नाही. ती उठली, कंपासपेटी उघडली आणि डबी अम्मीच्या ओंजळीत ठेवून हुंदके देऊ लागली.

रहमतबीचा हात आधी उगारलाच होता. "काहून लपवली? एवढं काम पडलं अन् तुले खेळ सुचून राह्यला?"

"खेळ नाही वं," कहकशां रडत म्हणाली. "तू मशीनवर डोक्सं ठेवून मरून जाशीन. टीव्हीतली आई तशीच मेली."

उगारलेला हात तिथंच थांबला. घागऱ्याची चौकशी करायला आलेल्या इंदुताई दारातच उभ्या होत्या. त्या पुढं आल्या आणि त्यांनी कहकशांचे डोळे पुसले. "अवं माय, ते मालिका हाय. ते बाई मेली नाही. आज दुपारी दुसऱ्या मालिकेत कोणाच्या तरी लग्नात नाचून राह्यली होती."

"ते मले मालूम हाय काकू," कहकशां म्हणाली. "टीव्हीतलं खोटं असते. पण माही अम्मी तं खरंच खोकलते ना."

मित्रांनो, पोरीचं खरं होतं. मोठी माणसं मालिका पाहून रडली होती, पण शेजारच्या खोलीतला खोकला त्या लेकरानंच तेवढा ऐकला होता. रहमतबीनं कहकशांला जवळ ओढलं आणि बराच वेळ तिच्या केसांवरून हात फिरवला.

"मंग? ते आई मेल्यावर काय झालं?" तिनं हळूच विचारलं.

"मंग तिची पोरगी मशीनवर बसली. रडत रडत."

रहमतबीनं मान हलवली. "आपण तसं नाही करू. उद्या आपण दवाखान्यात जाऊ. तूही चाल संगं. डॉक्टर काय म्हणते ते तुह्या कानानं आयक."

मी विचार केला, मालिकेतल्या आया दवाखान्यात का जात नाहीत? बहुतेक त्या गेल्या तर मालिका तिथंच संपेल, म्हणून जात नसाव्यात.

सकाळी माय-लेकी गेल्या आणि दुपारपर्यंत परतल्या. डॉक्टरांनी छाती तपासली होती, घसा पाहिला होता. कापडाची रुई घशात जाते, शिवताना तोंडाला रुमाल बांधा, असं त्यांनी सांगितलं होतं. छाती अगदी साफ होती. कहकशांनं हे सगळं जहीरला, इंदुताईंना आणि समीक्षाला वेगवेगळं सांगितलं, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरसारखा आवाज काढून सांगितलं.

मग तिनं स्वतःच्या हातानं अम्मीच्या तोंडाला जहीरचा मोठा रुमाल बांधला. रहमतबी आरशात पाहून इतकी हसली की रुमाल पुन्हा बांधावा लागला. ती माझ्यासमोर बसली. कहकशां तिच्या पाठीला गाल लावून बसली. माझं चाक फिरू लागलं, आणि थोड्या वेळानं रुमालाच्या आतून ते ओळखीचं गुणगुणणं सुरू झालं.

"अम्मी, तू शिवताना गाणं म्हणते?" कहकशांनं नवलानं विचारलं.

"मी? कुठं!" रहमतबी म्हणाली आणि पुन्हा गुणगुणू लागली.

समीक्षाचा घागरा दिवाळीला झाला आणि मोहल्ल्यातले कपडे ईदपर्यंत झाले. खोकलाही गेला. ईद झाल्यावर कहकशां माझ्यावर शिवायला शिकली. तिचे पहिले टाके असे वाकडेतिकडे पडायचे की जहीर म्हणायचा, "हे शिलाई हाय का एसटीचा रस्ता?" आणि ती उठून त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

पुढे विजेवर चालणाऱ्या मशिनी आल्या. कहकशांनं बसस्टँडजवळ आपलं दुकान काढलं. तिथं ती आणि आणखी काही मुली शिवतात आणि दिवसभर इतक्या बडबडतात की गिऱ्हाइकाला मापं दोनदा सांगावी लागतात. मी दुकानाच्या कोपऱ्यात आहे. माझा पट्टा तुटला, सोनेरी वेल पुसट झाली, फळीवर चहाचे कप ठेवतात. कधी कधी महिनोन् महिने माझ्याकडे कोणी पाहत नाही. त्याचं मला वाईट वाटतं. का वाटू नये?

मागच्या हिवाळ्यात एक तरुण माणूस दुकानात आला. यवतमाळकडे कुठल्याशा मालिकेचं चित्रीकरण होणार होतं. गरीब घरासाठी त्याला जुनी मशीन हवी होती. मला पाहून तो खूश झाला. खोटं का सांगू, मीही मनातून खूश झाले. म्हातारपणी टीव्हीवर जायला कोणाला आवडणार नाही?

"घेऊन जा," कहकशां म्हणाली, "पण माही एक अट हाय. मशीनवर बसनारी बाई एकदा तरी हासली पायजे."

तो माणूस गोंधळला. "ताई, सीन दुःखाचा आहे. गरीब आई आहे ती."

"असू द्या की गरीब. पोरांची आई हाय नं? दिवसातून एकदा बी नाही हासत?"

त्यानं बाहेर जाऊन कोणाला तरी फोन केला. बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा त्याची मान खाली होती. "नाही म्हणतात, ताई. हसली तर लोकांना ती गरीब वाटणार नाही म्हणे."

रहमतबी तिथंच स्टुलावर बसून बटणं लावत होती. केस पांढरे, डोळ्यांवर चष्मा. ती चष्म्यावरून त्या माणसाकडे पाहत राहिली आणि मग एवढ्या मोठ्यानं हसली की दुकानातल्या सगळ्या मुली हातातलं काम सोडून तिच्याकडे पाहू लागल्या. तो माणूस आधी ओशाळला, मग त्यालाही हसू आलं. कहकशांनं त्याला चहा पाजला. मला मात्र दिलं नाही.

म्हणून मित्रांनो, मी अजून इथंच आहे. तुम्हांला एवढंच सांगते, टीव्ही जरूर पाहा, पण तुमच्या घरात किंवा शेजारी जो माणूस मान खाली घालून काम करतो, त्याच्याजवळही थोडं जाऊन बसा. त्याला काय होतंय ते त्यालाच विचारा. विचारलं की माणूस बोलतो, आणि बोलता बोलता हसतोसुद्धा.