दारातली ओली घोंगडी

मित्रांनो, हात लावाल तर जरा जपून, मी टोचते. मी एक जुनी घोंगडी आहे, आणि जुन्या घोंगड्या मऊ होतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्यानं घोंगडी कधी पांघरलेलीच नसणार. रंगानं काळी कुळकुळीत, काठाला दोन पांढरे पट्टे आणि एका कोपऱ्याला उंदराची मेहेरबानी, म्हणजे चांगलं मूठभर भोक. भुकूमच्या माळावर म्हसू धनगराचं छप्पर आहे, त्यात नाचणीच्या कणगीमागे मी घडी होऊन पडलेली असते. बोलायला कुणी नाही. आज तुम्ही सापडलात, आता सगळं ऐकवल्याशिवाय सोडत नाही.

तिकडे मुळशीला धरणाची भिंत चढत होती, त्या साली माझा जन्म झाला. चैत्र लागला की म्हसू मेंढरं कातरायला बसायचा. उन्हाळ्यात अंगावर लोकर राहिली तर मेंढरू तगमगून मरतं, म्हणून ऊन तापायच्या आत ती उतरवायची. हे धनगराच्या पोराला बोलता येण्याआधी कळतं. तेवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. म्हसूच्या बायकोनं, बानूबाईनं, ती लोकर पिंजून सूत काढलं. सणगरानं ताण्याला चिंचोक्याची खळ चोपडून मला मागावर विणलं. खळ अशी काही बसली होती, की उभी केली तर मी एकटी उभी राहिले असते!

मग राबणं सुरू झालं. पावसात म्हसूच्या डोक्यावर माझी खोळ, थंडीत मी त्याचं पांघरूण, आणि रानात नवं कोकरू जन्मलं की ते माझ्याच पोटात. शेजारचा भिवाजी एकदा भर पावसात म्हसूजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "म्हसबा, घोंगडी हाय का घर हाय रं ही?" खोटं कशाला बोलू, तो आठवडाभर मी फार तोऱ्यात होते.

पण मला खरं जपलं ते बानूबाईनं. सणासुदीला ती मला उन्हात घाली, काठीनं झटके, विरलेलं सूत लगेच सांधे. तिचा पहिला मुलगा, बाजी, श्रावणातल्या झडीत गेला होता. मेंढरांबरोबर उघड्यावर मुक्काम, वरून पाऊस, खाली चिखल, पांघरायला एक ओलं लुगडं. लेकरू गारठून गेलं तिच्या मांडीवर. तेव्हा मी नव्हते. मी तर मेंढरांच्या अंगावरही उगवले नव्हते. त्या दिवसापासून बानूबाईनं एकच धरून ठेवलं होतं, की लेकराला वारं लागू द्यायचं नाही. माझ्यावरून हात फिरवताना ती कधी कधी मधेच थांबायची. मला कळायचं.

माझा चौथा उन्हाळा होता. बानूबाईची मुलगी भागूबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि चैत्र संपता संपता तिला मुलगी झाली. इवलीशी, नाक चपटं, मुठी घट्ट. बानूबाईनं नातीला हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, चला, आपलं नशीब उघडलं!

छपराला दार एकच. त्याला बानूबाईनं जाड वाकळ लावली. कुडाच्या भिंतीतल्या फटी चिंध्या कोंबून बुजवल्या. बाजेखाली शेकाची शेगडी. लेकराला दुपट्यात गुंडाळलं, डोक्याला कुंची बांधली आणि वरून मला लपेटलं, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर. जवळपासच्या सगळ्याच घरांत असं करत, तिनं काही जगावेगळं केलं नव्हतं. पण बाहेर वैशाख पेटला होता, मित्रांनो. माळावर दगडाला पाय लावायची सोय नव्हती.

पहिले काही दिवस मुलगी रडायची. मग तिच्या मानेवर, काखेत लाल लाल पुरळ उठलं. अंग तापलं. घामानं दुपटं भिजायचं आणि ओल माझ्यापर्यंत यायची. भागूबाई हळूच म्हणाली, "आये, घोंगडी काढू का गं? लई उकडतंय तिला."

बानूबाईनं माझ्याखालून हात घालून लेकराचे तळपाय चाचपले. "तळवं बघ, गार हायेत. थंडी भरलीया तिला. काढायची न्हाई."

पायाला हात लावला, मानेला लावलाच नाही. मान भट्टीसारखी तापली होती, हे मला माहीत होतं. पण मी घोंगडी, मला तोंड कुठं होतं? ऊब धरून ठेवणं हेच मला येतं, आणि ते मी इमानेइतबारे करत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कामाची लाज वाटली.

विसाव्या दिवशी सकाळपासून मुलगी रडलीच नाही. भागूबाईनं छातीशी धरली, तर तोंड लावेना. मान टाकून दिली, डोळे अर्धे मिटलेले. बानूबाई घाबरली. दृष्ट लागली म्हणाली आणि मीठ-मोहऱ्या उतरवून शेगडीत टाकल्या. धूर झाला, आच वाढली. मग म्हणाली, "वारं शिरलंच कुटनं तरी," आणि मला आणखी घट्ट आवळलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, अगं बाई, सोड मला, सोड!

तेवढ्यात बाहेर मेंढरू पडल्याचा आवाज झाला. एक मेंढी व्यायला झालेली होती, म्हणून म्हसूनं तिला चैत्रात कातरली नव्हती. दोन दिवसांपूर्वी व्याली, तरी कातरायची राहूनच गेली. ती आंब्याखाली जीभ बाहेर काढून लोळत होती आणि तिचं कोकरू तिच्याभोवती बें बें करत फिरत होतं. बानूबाई दाराशी गेली, वाकळ बाजूला सारली आणि तिथूनच नवऱ्यावर तुटून पडली.

"अवं, डोळं फुटलं का तुमचं? वैशाखात लोकर ठेवताय अंगावर? मारताय व्हय मुक्या जनावराला! ती काय बोलून सांगणार हाय, मला उकडतंय म्हून? उतरवा आधी ती लोकर!"

म्हसूनं कातर घेतली, मेंढी तिथंच सावलीत धरली आणि भराभरा लोकर उतरवली. अंगावर पाणी शिंपडलं. थोड्या वेळानं मेंढी पायावर उभी राहिली आणि अंग झाडलं. बानूबाई "असं!" म्हणून मागे वळली.

बाजेवर भागूबाई लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. तिचे डोळे वाहत होते, पण आवाज सरळ होता. "आये, मेंढीची उतरवलीस. माझ्या लेकीची कवा उतरवणार? ती बी बोलून सांगत न्हाई."

बानूबाई जागच्या जागी थिजली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी कशाची आहे, हे तिला सांगायला नको होतं, तिच्याच हातानं माझं सूत निघालं होतं. तिनं हात पुढं केला, आणि या वेळी तळव्यांकडे न नेता लेकराच्या मानेमागे घातला. चटका बसल्यासारखा परत घेतला.

मग काय विचारता! मी एका हिसक्यात बाजूला. कुंची गेली, दुपटं गेलं, शेगडी बाहेर गेली. फटींतल्या चिंध्या तिनं ओढून काढल्या. मुलीला नुसत्या जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यावर निजवलं आणि दुसरा तुकडा साध्या पाण्यात पिळून हळूहळू तिचं अंग पुसलं. दारातली वाकळ ओरबाडून काढली, तसं ऊन आत आलं. म्हसू दाराशी उभा होता. तो म्हणाला, "मडक्याला ओलं फडकं गुंडाळतो नव्हं आपण? आण ती घोंगडी."

त्यानं मला पाण्यात बुडवलं, निथळवलं आणि दारात टांगलं, खाली हातभर जागा ठेवून. ओली झाले की मला मेंढरांचा वास येतो, नाक मुरडू नका. माळावरचा तो तापलेला वारा माझ्या अंगातून आत गेला आणि आत जाताना गार झाला. ऊब धरणं सोडून मला दुसरं काही येतं, हे मला त्या दुपारी कळलं. म्हसू तासातासाला माझ्यावर पाणी मारत होता. आत भागूबाई लेकराच्या ओठांना दुधाचे थेंब लावत होती, पुन्हा पुन्हा.

उन्हं कलली तेव्हा मुलीनं ओठ हलवले. मग चोखायला लागली. मग दमून थांबली, श्वास घेतला आणि असं काही भोकाड पसरलं, की आंब्याखालचं कोकरूसुद्धा गप्प झालं. एवढं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

बानूबाई बाहेर येऊन माझ्याजवळ उंबऱ्यावर बसली आणि माझ्या ओल्या काठात तोंड घालून रडली. "माज्या बाजीला ऊब पायजे हुती, ती माज्याजवळ नव्हती. हिला वारं पायजे हुतं, आन मी बाजीची ऊब हिच्या अंगावर घालत बसले."

मित्रांनो, तेच माझंही झालं. बाजीला मी हवी होते, तेव्हा मी नव्हते. तुकाला, हो, तिचं नाव तुका ठेवलं, मी नको होते, तेव्हा मी तिच्या उरावर होते. त्याच श्रावणात झड लागली, तेव्हा बानूबाईनं तुकाला माझ्यात गुंडाळून पोटाशी धरलं. तेव्हा मी माझी सगळी ऊब दिली, काही हातचं राखलं नाही.

आता तुका तीन वर्षांची आहे. घरात नवी घोंगडी आली आणि मी कणगीमागे गेले. तक्रार आहे, का नसावी? उंदरांचा त्रास आहे, झटकायलाही कुणाला आठवण होत नाही. जुन्या वस्तूला वर्षातून एकदा ऊन दाखवा, एवढंच मागणं. आणि तान्ह्या लेकराच्या मानेमागे हात लावून बघत जा, कारण माझ्यासारख्या घोंगडीला सगळं कळतं, पण सांगता येत नाही.

परवा तुका आईबरोबर आजोळी आली होती. ऊन रणरणत होतं. खेळता खेळता ती कणगीमागे शिरली. तिथं एक कोकरू माझ्या घडीत घुसून झोपलं होतं. तुका वाकली, तिनं आजीसारखा हात त्याच्या मानेमागे घातला, कपाळाला आठी घातली आणि ओरडली, "आजे, ह्याला उकडतंय!"

मग दोन्ही हातांनी तिनं मला त्याच्या अंगावरून ओढून काढलं आणि फरफटत दाराकडे नेलं.