डगआऊटमधली मिठी

कोल्बी डाव्या हाताने ओटमील खात होता, आणि आपण ते पाहिलंच नाही असं डेलियाने ठरवून टाकलं.

ठरवणं तसं सोपं होतं. मांडीवर तिची लेक रोझी होती, अजून वर्षाचीही न झालेली, आणि तिला स्वतःच्या वाटीतलं सोडून कोल्बीच्या वाटीतलं हवं होतं. कोल्बी चमचा पुढे करी, रोझी तोंड उघडी, की तो चमचा मागे घेऊन स्वतःच खाऊन टाकी. रोझी खदखदून हसायची. पण चमचा डाव्या हातात होता, आणि कोल्बी उजव्या हाताने चेंडू टाकणारा पिचर होता.

एप्रिलमध्ये तो अलाबामाहून ऑल्डनला आला, ओटर्स या बेसबॉल संघाकडून खेळायला. ऑल्डनची ही जुनीच रीत. धाकट्या संघातल्या पोरांना भाडं परवडत नाही, म्हणून गावातली कुटुंबं या पोरांना आपापसात वाटून घेतात, सीझनभर त्यांना खाऊपिऊ घालतात आणि सप्टेंबरात डोळे पुसत निरोप देतात. त्यातला एखादा पुढे थोरल्या संघात, म्हणजे शहरातल्या स्टीमर्समध्ये गेला, की टीव्हीकडे बोट करून आयुष्यभर सांगायचं, "हा आमच्याकडे राहायचा. याला मटार चालत नाहीत." कोल्बीलाही मटार चालत नसत.

टेबलाच्या टोकाला डेलियाचे वडील बसले होते. गावात सगळे त्यांना काझ म्हणत, घरात ते पॉप. नाकात ऑक्सिजनची नळी, खुर्चीशेजारी चाकांवरची टाकी आणि कानाशी रेडिओ. पोलादाच्या कारखान्यात उभा जन्म गेला आणि कारखान्याने त्यांची फुप्फुसं ठेवून घेतली. वसंतात डॉक्टरांनी फोटो बघितले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "काझ, हा उन्हाळा मजेत घालवा." एवढंच. पुढच्या ऋतूचं नाव त्यांनी काढलं नाही.

"ऐक, ऐक," पॉप म्हणाले. रेडिओवर कुणीतरी माणूस तावातावाने बोलत होता: आज संध्याकाळी खेळाडूंच्या अदलाबदलीच्या सौद्यांची मुदत संपते, स्टीमर्सला थर्ड बेसवर खेळणारा, दणकून मारणारा एक गडी मिळाला तर यंदा अजिंक्यपद आपलं, मालक कसली वाट बघतायत, द्या ती कोवळी पोरं देऊन. "शहाणा माणूस. पिचर म्हणजे मासळी. ताजी असते तोवर विकायची. उद्या वास येतो."

"सर, मी इथेच बसलोय," कोल्बी म्हणाला.

"मग काय? मासळी म्हटलं, शिळी म्हटलं नाही. तुझ्या बदल्यात थर्ड बेसवाला मागताहेत म्हणजे तू ताजा पापलेट आहेस. मान समज."

कोल्बी हसला. हसताना त्याने उजवं कोपर टेबलाखाली घेतलं.

बापलेकीचं हे भांडण डेलियाच्या परकरी वयापासूनचं. ती म्हणे, संघ उभारणं म्हणजे घर बांधणं, आणि पिचर म्हणजे पाया. पायाचे दगड उपसून कुणी गच्ची बांधतं का? त्यावर पॉप म्हणत, "पाया, पाया करत म्हातारा झालो पोरी. गच्चीवरून गाव कसं दिसतं ते एकदाही पाहिलं नाही." स्टीमर्स शेवटचे जिंकले तेव्हा पॉपचा जन्म व्हायचा होता. दर हंगाम संपला की ते रेडिओ बंद करत, टोपी खुंटीला लावत आणि म्हणत, "पुढच्या वर्षी." सारं गावच असं म्हणायचं, पण पॉप ते नमाजाइतक्या नेमाने म्हणत.

यंदा मात्र डेलिया भांडलीच नाही. यंदा तिलाही गच्ची हवी होती, आणि कुणाचे दगड उपसले जातात याची तिला फिकीर उरली नव्हती. असं तिला वाटत होतं.

दोन दिवसांपूर्वी रोझीचा अंघोळीचा टब दिसेना म्हणून ती वर गेली. कोल्बी जमिनीवर बसला होता. तो गुलाबी टब बर्फाने भरलेला आणि त्याचं कोपर त्यात बुडलेलं. तोंडात टॉवेलचं टोक घट्ट धरलं होतं.

"मिस डेलिया, कुणाला सांगू नका," टॉवेल काढून तो म्हणाला होता.

"कधीपासून?"

"थोडंच आहे. स्लायडर टाकला की चमक येते. बाकी काही नाही."

"बाकी काही नाही तर बर्फ कशाला?"

त्याने कोपर बर्फात आणखी खाली दाबलं. मग हळूच म्हणाला, "इथे कळलं तर ऑपरेशन करून कोपर कापतील. वर्षदीड वर्ष गेलं. मला कुणी मोठे पैसे देऊन घेतलेलं नाही, मिस डेलिया. माझ्यासारख्याची कुणी वर्षभर वाट बघत बसत नाही. थर्ड बेसवाला देणाऱ्या त्या पश्चिमेच्या संघाला मी हवाय. ते मला सरळ वर नेणार. एक सामना नीट टाकू द्या. तुमच्या पाया पडतो."

तिने मान हलवली होती. त्याचं आयुष्य, त्याचा निर्णय, असं तिने मनाला समजावलं. पण रोझीला निजवताना, तिची बोटं आपल्या बोटात धरून बसलेली असताना, तिला पक्कं ठाऊक होतं की आपलं तोंड कोल्बीच्या विनवणीने बंद झालेलं नाही. ते पॉपच्या नळीने बंद केलं होतं.

सामना दुपारचा होता. उन्हाळी शिबिरांची शेकडो मुलं एकाच रंगाचे सदरे घालून आली होती आणि कारण असो नसो, ओरडत होती. डेलियाचा नवरा वेस ट्रक घेऊन इंडियानात गेलेला. म्हणून तिने पॉपना, टाकीला, रोझीला आणि दुधाच्या बाटल्यांना एकटीनेच पायऱ्यांवरून खाली आणलं आणि सगळे नेहमीच्या जागी बसले, ओटर्सच्या डगआऊटच्या बरोबर वर. खेळाडूंचा तो बुटका निवारा तिथून जवळजवळ हाताशी होता. मागच्या रांगेत लिंडग्रेनबाई. त्यांच्याकडे यंदा ओटर्सचे दोन आऊटफिल्डर राहायला होते आणि फ्रीज कधीच भरलेला नसे.

"डेलिया, डोळा ठेव हं," मोबाइल हलवत लिंडग्रेनबाई म्हणाल्या. "मिठ्या मारायला लागले की समजायचं."

हे सांगायची गरज नव्हती. सौद्यांच्या मुदतीच्या दिवशी बातमी आधी डगआऊटमध्ये येते, मग बाहेर. खेळता खेळता एखाद्याला मधेच बाहेर बोलावतात, सोबती एकेक करून त्याला मिठी मारतात, आणि स्टँडमधल्या लोकांना कळतं, गेला. त्या दिवशी माणसं चेंडूकडे कमी आणि डगआऊटकडे जास्त बघतात.

पहिल्या दोन इनिंग्जमध्ये कोल्बीने फास्टबॉलवरच निभावलं. तिसऱ्या इनिंगमध्ये डेलियाला दिसलं. चेंडू सोडताना त्याचा हात खांद्याच्या वर जायचा, तो आता खांद्याच्या रेषेत आला होता. बॅटरमागे बसलेला कॅचर दोन बोटं दाखवून स्लायडर मागत होता, शेवटच्या क्षणी कुशीवर वळणारा तो चेंडू, आणि कोल्बी मान हलवून नाही म्हणत होता. पुन्हा मागणी, पुन्हा नाही. दोन चेंडूंच्या मधे तो हात झटकायचा, ओला असल्यासारखा.

"कोपर खाली आलंय," ती हळूच म्हणाली.

पॉपनी तिच्याकडे बघितलं नाही. "ऊन फार आहे."

"पॉप."

"सकाळी मलाही दिसला चमचा," पॉप मैदानाकडे बघतच म्हणाले. "मी काही बोललो का?"

दोघंही एकच गोष्ट जाणून शेजारी शेजारी बसली होती. सकाळपासून मासळीच्या गप्पा मारणारा आपला बाप आणि मटार वेगळे काढून ठेवणारी आपण.

इनिंग संपली. तिने रोझीला कडेवर घेतलं आणि ती उठली.

"कुठे चाललीस?"

"कठड्यापाशी. ऑरव्हिलशी बोलते." ऑरव्हिल ओटर्सचा पिचिंग कोच.

पॉपच्या नाकातली नळी शिट्टीसारखी वाजली. "बोललीस तर सौदा मोडेल."

"माहीत आहे."

"माहीत आहे ना? मग जा." आणि लगेच, अगदी लहान आवाजात, "नको ना जाऊस, पोरी."

बापाने तिच्याजवळ जन्मात काही मागितलं नव्हतं. ती तरी गेली. सात पावलांचं अंतर असेल नसेल. कठड्याखाली ऑरव्हिल पाठमोरा उभा होता, बाटलीतून पाणी पीत. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात बाकावरच्या कोल्बीने वर बघितलं. त्याने फक्त मान हलवली, कॅचरला हलवत होता तशीच. नाही. चेहरा टॉवेलचं टोक तोंडात धरल्यासारखा.

ऑरव्हिल वळला. "काय डेलिया? पॉप बरे आहेत ना?"

"बरे आहेत," ती म्हणाली. "बरे आहेत. रोझीला... रोझीला चेंडू हवा होता."

ऑरव्हिलने हसून एक जुना चेंडू वर टाकला. तो झेलून ती परत येऊन बसली. पॉपनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात तिला झटकावासा वाटला, आणि धरावासाही वाटला. तिने चेंडू रोझीला दिला. रोझीने तो चाटला.

चौथ्या इनिंगमध्ये लिंडग्रेनबाईंचा मोबाइल वाजला. "आलं, आलं. स्टीमर्सचं जवळजवळ ठरलंय म्हणे. थर्ड बेसवाला येतोय. बदल्यात दोन पोरं, त्यातला एक ओटर्सचा पिचर." बातमी रांगांमधून वणव्यासारखी पसरली. पॉपच्या गालांवर रंग चढला. कित्येक महिन्यांनी त्यांच्या गालांवर रंग होता. ते डेलियाच्या बालपणातल्या पॉपसारखे दिसायला लागले, कामावरून आल्यावर दारातच तिला उचलणारे.

मैदानात कॅचरने पुन्हा दोन बोटं दाखवली. या वेळी कोल्बीने होकार दिला. चेंडू निघाला, सरळ आला, शेवटच्या क्षणी कुशीवर वळला. बॅट हवेत फिरली. तिसरा स्ट्राइक, बॅटर बाद, इनिंग संपली, पोरांचा कल्ला.

कोल्बी डगआऊटकडे चालत आला. मॅनेजर पायरीवरच उभा होता. त्याने कोल्बीच्या खांद्यावर हात ठेवला, काही विचारलं. कॅचर धावत आला आणि त्याने कोल्बीला मिठी मारली. मग शॉर्टस्टॉपला खेळणाऱ्या पोराने. मग आणखी एकाने.

"मिठी," लिंडग्रेनबाई म्हणाल्या. "गेला. गेला गं, डेलिया."

स्टँड उभं राहिलं. गावाने चार महिने खाऊ घातलेलं पोर वर चाललं होतं आणि शहरात थर्ड बेसवाला येत होता. लोक टाळ्या वाजवत होते, शिबिरातली पोरं का वाजवतात ते ठाऊक नसताना वाजवत होती. टाकीचा दांडा धरून पॉप उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते. डेलियाही उठली आणि तिने जोरजोराने टाळ्या वाजवल्या. सुटले, तिला वाटलं. आता त्याचं कोपर दुसऱ्यांचं. ते बघतील, ते काय ते करतील. रोझीसुद्धा दोन तळवे एकमेकांवर आपटत होती.

मग कॅचर बाजूला झाला, आणि तिला दिसलं की ती मिठी नव्हती. त्याने कोल्बीला उभं धरून ठेवलं होतं. ट्रेनर आला. कोल्बीचा उजवा हात पोटाशी दुमडलेला, लहान मूल धरावं तसा त्याने डाव्या हाताने धरलेला.

टाळ्या थांबत नव्हत्या. डगआऊटमधून आत जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी कोल्बीने मागे वळून स्टँडकडे बघितलं. एवढी माणसं आपल्यासाठी उभी आहेत हे त्याला कळेना. मग दुखरा हात क्षणभर सोडून त्याने टोपी काढली, उंच केली आणि आत गेला.

टोपी डाव्या हातात होती. पॉप हळूहळू खाली बसले.

तासाभराने ती बोगद्याच्या मागच्या दाराशी उभी होती. कोल्बी बाहेर आला तो उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत बांधलेला. रोझीने हात पसरले आणि तो काही म्हणायच्या आत त्याच्याकडे झेपावली. त्याने तिला डाव्या हातावर घेतलं. पिचर कुणाचंही मूल त्याच हातावर घेतो.

"उद्या फोटो काढणार," तो म्हणाला. "पण ऑरव्हिलच्या तोंडावरून कळलं. मलाही कळलं. आवाज आला, मिस डेलिया. ओल्या फांदीसारखा." थोड्या वेळाने म्हणाला, "एक विचारू? लोक टाळ्या का वाजवत होते?"

कुणीही चांगलं माणूस म्हणालं असतं, तुझ्यावर गावाची माया आहे. ते खोटंही नव्हतं.

"त्यांना वाटलं, तुझा सौदा झाला."

तो बघत राहिला. "आणि तुम्हाला?"

"मलाही तेच वाटलं. मीही वाजवल्या."

कोल्बीने मान खाली घातली. रोझी त्याच्या बांधलेल्या हाताचं कापड ओढत होती, आणि तो तिला ओढू देत होता. "मीच सांगितलं होतं ना, बोलू नका म्हणून," तो म्हणाला. पण त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

गाडीत रेडिओ बंद होता. पॉप पुढची जागा सोडून मागे, रोझीच्या खुर्चीशेजारी टाकी गुडघ्यांमध्ये धरून बसले होते. पुढची सीट त्यांनी कोल्बीच्या लांब पायांसाठी मागे सरकवून ठेवली होती. त्यामुळे त्यांचे स्वतःचे गुडघे त्या सीटला टेकले होते.

कोल्बी बसला. पट्टा उजव्या खांद्यावरून ओढायचा होता, तो त्याला येईना. मागून पॉपचा हात आला, सुकलेला, शिरांचा. त्याने पट्टा ओढून पुढे आणला आणि डेलियाने तो अडकवला.

"थर्ड बेसवाला?" तिने विचारलं.

"दुसरीकडे गेला. टेक्सासला." पॉप श्वासासाठी थांबले. सवयीने त्यांचे ओठ हलले. 'पुढच्या वर्षी' असं म्हणायला ते सुरू झाले होते, तिला आरशात दिसलं. पण शब्द बाहेर आला नाही. त्यांनी तोंड मिटलं आणि खिडकीबाहेर बघितलं. वाहनतळावर शिबिरातली पोरं बसमध्ये चढत होती.

मग बऱ्याच वेळाने, गाडी नदीच्या पुलावर आल्यावर, त्यांनी विचारलं, "कुठल्या चेंडूला गेलं?"

"स्लायडर, सर. शेवटच्या."

"तो तिसरा स्ट्राइक?"

"हो सर."

"वळला मात्र झकास," पॉप म्हणाले.

कोल्बी पुढे बघत होता. "हो सर," तो म्हणाला. "वळला."