गळती आढळली नाही

दीक्षा बांधाची पाहणी करायला आली तेव्हा भाताला नुकत्याच लोंब्या धरत होत्या. ती सरकारी अभियंता, नोकरीचं पहिलंच वर्ष. चौलजवळच्या त्या गावात खाडी आणि शेतं यांच्यामध्ये हा एकच मातीचा बांध. दुरुस्तीचा अर्ज केला होता तो बांधालगत शेत असलेल्या नामाकाकांनी.

"आतून पोकळ झालाय," टाच आपटत काका म्हणाले. "चालताना पायाला कळतंय."

"पायाला कळतं ते अहवालात कसं लिहू, काका? खारं पाणी आत आलेलं दिसायला हवं."

"मंग उधाणाला ये, बाय. आता भांग हाय. पानी बांधाला टेकत पन न्हाय."

भांगाची भरती लहान; उधाणाची मोठी भरती पुढच्या आठवड्यात, पुनवेला. पण ऑफिसची गाडी याच आठवड्यापुरती मिळाली होती. दीक्षा सलग चार दिवस आली. बांधाच्या कडेने सहा ठिकाणी शेतातल्या पाण्याचा खारेपणा मोजला. चारही दिवस पाणी गोडं. तिनं लिहिलं, 'गळती आढळली नाही.' बांध दुरुस्तीच्या यादीतून वगळला गेला.

पुनवेला तो फुटला. ती धावत आली तेव्हा भात खाऱ्या पाण्यात उभं होतं, आणि काका बांधाच्या खिंडाराशी बसले होते.

"काका, तुम्ही सांगितलं होतं."

"व्हय. सांगितलं व्हतं."

ऑफिसात साहेबांनी तिची समजूत घातली. "घाबरतेस कशाला? तुझा एकही आकडा खोटा नाही."

खोटा नव्हता, हेच तिला खात होतं. 'आढळली नाही' हे सगळे 'नाही' असंच वाचणार, हे लिहिताना तिला ठाऊक होतं.

तिनं पुरवणी अहवाल लिहिला: 'माझी पाहणी फक्त भांगाच्या दिवसांतली. उधाणात बांध टिकेल की नाही, हे त्या पाहणीवरून सांगता येत नव्हतं. शेतकऱ्याने तशी सूचना दिली होती; मी ती नोंदवली नाही.'

"हे तुझ्यावरच शेकेल," साहेब म्हणाले. तिनं पाठवलाच.

बांधाचं काम मंजूर झालं, तिला 'कारणे दाखवा' नोटीस आली. मार्चमध्ये ती देखरेखीला उभी असताना काकांनी घरून चहा आणून दिला. समोर त्यांच्या शेतात मिठाचा पांढरा थर साचला होता.