तेक्ला कौलं फोडते

त्या सोमवारी सकाळी तेक्लाने ओंडक्यातून छपराची दोन डझन लाकडी कौलं फोडून काढली, बापाने ती तासली, मग दोघं तात्रा डोंगराच्या पायथ्याच्या गावकचेरीत गेली. जुन्या लाकडी शाळेचं छप्पर बदलायचं होतं. टेंडर काढण्याआधी कचेरी जाणत्यांना बोलावून विचारून घेई: माल कसला मिळतो, बनवतं कोण.

तिच्या बापाच्या, ब्लाजेयच्या, उजव्या हाताला नऊ वर्षांपासून कुऱ्हाड पेलत नव्हती. ओंडका फोडायचं काम तेक्लाच करी. पण डोंगरात फोडणारा पुरुष आणि तासणारी बाई, असंच मानत. घरातली अदलाबदल घरातच राहिली होती.

"हातानं फोडलेलं लाकूड पाणी पीत न्हाई," ब्लाजेय सांगत होता. "करवतीनं शिरा कापल्या की धा वर्सांत कुजतंय."

कारकून दोरोताबाई लिहून घेत होत्या. "हाताने फोडणारे इथे किती?"

"दोन. मी, आन् ह्यो माझा जुना चेला कास्पर, आता सोताचं काम करतोय. माझ्यापरीस बेस फोडतो."

पलीकडे बसलेला कास्पर लाजून हसला. बापाशेजारी बसलेल्या तेक्लाने त्याच्याकडून मान फिरवली.

परतताना ब्लाजेय म्हणाला, "जीभ कचेरीत इसरलीस का गं?"

"दमले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो तासायच्या बाकाजवळ पडलेला सापडला. अंग गार झालं होतं.

तीन आठवड्यांनी कचेरीने पुन्हा बोलावलं. दोरोताबाई म्हणाल्या, "दोघं होते, आता एक उरला. एकट्यालाच जमेल अशी अट टेंडरात घालता येत नाही. यंत्राची कौलं चालतील, असं लिहावं लागेल."

कास्पर टोपी चाचपत म्हणाला, "माझे मास्तर असते तर..."

त्या 'माझे'वर तेक्ला उठली.

"आजबी दोघं हायेत. नऊ वर्सं बाबांच्या नावावर गेलेलं हरेक कौल मी फोडलंय."

"तू?" कास्पर म्हणाला. "तू तर तासायचीस."

"आमच्या अंगणात ओंडका पडलाय. निम्मा तू फोड, निम्मा मी. बाई बघतील."

दोरोताबाईंचं पेन थांबलं. "मग ब्लाजेय त्या दिवशी बोलले का नाहीत?"

"लाजले असतील. मीबी कुठं बोलले?" ती कास्परकडे वळली. "त्यांनी तुझं नाव घेतलं, तवा मला तुझा लई हेवा वाटला. त्यो हेवा इतका बसलाय आत, की बाबांसाठी अजून नीट रडलेबी न्हाई मी."