कुबडीचा बूट आणि मूठभर जस्त

मित्रांनो, मी एक जुना रबरी बूट आहे. पायातला नव्हे, कुबडीच्या टोकाला बसवतात तो. लहान वाटीएवढा, करडा, तळाला गोल खाचा असलेला. त्या खाचा आता झिजल्या आहेत. पण एके काळी ओल्या फरशीवर माझ्याइतकं घट्ट उभं राहणारं दुसरं कुणी नव्हतं. ही बढाई नाही. हे श्रेय एका पांढऱ्या भुकटीचं आहे, आणि तिच्यासाठी अडून बसलेल्या एका माणसाचं.

तो माणूस रबराच्या लहानशा कारखान्यात मिश्रण करायचा. सगळे त्याला दादा म्हणत. त्याची धाकटी बहीण पोहण्याच्या तलावावर शिकवायची. लहानपणीच्या आजारानं तिचा एक पाय अधू झाला होता. पाण्यात ती मासोळी, पण काठावर तिला कुबडीचाच आधार. शिकणारे तिला बाई म्हणत.

एकदा कुबडीचा जुना बूट फाटला म्हणून बाईंनी बाजारातून पहिला दिसला तो आणला. तो ओल्या फरशीवर सटकला, बाई पडल्या आणि कोपर सुजलं. त्या तडक दादाकडे आल्या. दादानं कोपर पाहिलं आणि बूट मीच करून देतो म्हणून सांगितलं.

पण झिंक ऑक्साइड संपलं होतं. कारखान्यात त्या भुकटीला नुसतं ‘जस्त’ म्हणत. वाटेतला पूल दुरुस्तीला निघाल्यामुळे मालाची गाडी पलीकडेच अडकली होती. बहिणीची निकड पाहून दादानं एक गोळा जस्ताशिवाय मळून पाहिला. गंधक घातला, बाकी सगळं घातलं आणि साच्यात दाबून तापत ठेवला. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. बाहेर आला तो बूट दिसायला अगदी बुटासारखा होता. दादानं त्यात अंगठा दाबला, तर खळगा तसाच राहिला. ओढला, तर लांबला आणि परत यायचं नावच घेईना. मी तेव्हा शेजारी कच्च्या रबराचं ढेकूळ होऊन पडलो होतो. आपलीही हीच गत होणार, या विचारानं माझा जीव अर्धा झाला.

दादानं तो बूट बाजूला फेकला आणि बहिणीला सांगितलं, “जस्त येईपर्यंत थांब.”

“मूठभर भुकटीसाठी? तोवर काय खुर्चीत बसून पोहायला शिकवू?”

“हो. खुर्चीतून निदान पडणार तरी नाहीस.”

बाई फणकारल्या. एवढं काय आहे त्या जस्तात, असं त्यांनी विचारलं. दादानं सांगितलं, की कच्चं रबर म्हणजे मोकळ्या धाग्यांचा गुंता. गंधक त्या धाग्यांना एकमेकांशी बांधतो. पण एकटा गंधक फार आळशी. वेळ लावतो, बांधतो तेही सैल. जस्त त्याला आणि त्याच्या जोडीला घातलेल्या रसायनांना एकत्र आणून कामाला लावतं. मग गाठी भराभर बसतात आणि पक्क्या बसतात.

“सोयरीक जुळवणाऱ्या माणसासारखं आहे ते,” दादा म्हणाला. “सगळी धावपळ त्याची, आणि फोटोत कुठेच नाही.”

बाई हसल्या आणि थांबायला कबूल झाल्या.

अखेर गाडी आली. लाटण्यासारख्या फिरणाऱ्या दोन गरम रुळांमध्ये मी पुन्हा पुन्हा दाबला जात होतो, तेव्हा ती भुकटी पिठासारखी माझ्या अंगावर पडली आणि बघता बघता माझ्यात मुरली. नंतर साच्याच्या उष्णतेत माझ्या आत जी लगबग सुरू झाली, ती मी कधीच विसरणार नाही. माझा सैल, चिकट देह जागोजाग बांधला जात होता. बाहेर आलो तेव्हा दादानं मला ओढलं आणि सोडलं. मी झटकन मूळ आकारात आलो. दादानं नुसती मान डोलावली. एवढी शाबासकी मला पुरली.

त्यानंतर कित्येक वर्षं मी तलावाचा काठ तुडवला. ऊन, पाणी, तलावात टाकतात त्या औषधाचा उग्र वास, सगळं सोसलं. बाई एकदाही घसरल्या नाहीत.

एका सकाळी एक आजी शिकायला आल्या होत्या. उतारवयात पोहायचंच, असा त्यांचा हट्ट होता. खोल पाण्याजवळ त्यांच्या पोटरीत गोळा आला. त्या हात मारू लागल्या आणि खाली जाऊ लागल्या. बाई ओल्या काठावरून भरभर निघाल्या. प्रत्येक पावलाला त्यांचा सगळा भार माझ्यावर होता आणि मी फरशी सोडली नाही. मग बाई काठावर पालथ्या झोपल्या आणि त्यांनी कुबडी पाण्यावर लांब केली.

“आजी, हे धरा. मी ओढते.”

आजींच्या हाताला लागलो तो मीच. बुडणाऱ्या माणसाची पकड काय असते, हे मला त्या दिवशी कळलं. मी ताणला गेलो. एखादा कच्चा बूट फाटला असता, नाहीतर काठीवरून निसटून त्यांच्या मुठीत राहिला असता. पण माझ्या आतली एकही गाठ सुटली नाही. बाई ओढत राहिल्या आणि आजी काठाला लागल्या.

सगळ्यांनी बाईंची वाहवा केली आणि ते योग्यच होतं. संध्याकाळी दादा आला. त्यानं मला उलटसुलट करून पाहिलं, हातानं पुसलं आणि कुबडी बहिणीच्या हाती दिली. आजी पुढच्याच आठवड्यात परत आल्या आणि पुढे पोहायला शिकल्यासुद्धा.

कालांतरानं माझा तळ गुळगुळीत झाला. दादानं नवा बूट करून दिला आणि मी खिडकी आपटू नये म्हणून तिच्या फटीत बसलो. धूळ साचते, कुणी विचारत नाही. माझी तक्रार नाही. झिजलेल्या बुटानं काठीखाली राहूच नये.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी काठी किंवा कुबडी घेऊन चालत असेल, तर आज एवढंच करा. ती उलटी करून बूट बघा. खाचा झिजल्या असतील, तर त्या माणसाला ओल्या मोरीत पाऊल टाकू देण्याआधी नवा बसवा. आणि तो घेताना अंगठ्यानं दाबून पाहा. खळगा लगेच भरून आला, तर समजा, आत कुणीतरी आपलं काम चोख केलं आहे.